मिडल शून्यावर

२ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १.१५

डोकं तापलंय म्हणून लगेच लिहून काढतो.

आज रिहर्सलमध्ये साडूने चौथ्या गाण्याच्या मध्यात हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि मला विचारलं, तुझा गिटारचा ॲम्प चालू आहे ना. चारचौघांत. ॲम्प चालू होता. आवाज फाडणारा गेन दहावर होता. समोर लाल दिवा जळत होता. पण गायकाला स्वतःच्या तोंडापलीकडे काही दिसत नाही. बायकोच्या थोरल्या बहिणीने या माणसात काय पाहिलं हे कोडं मला सतरा वर्षांपूर्वी पडलं होतं, अजून सुटलेलं नाही.

दाताच्या डॉक्टरने ड्रम्सच्या मागून लगेच री ओढली. म्हणे तू काय वाजवतोस ते कळत नाही, नुसतं काहीतरी घोंगावतं, आणि जे घोंगावतं ते दातांना लागतं. दिवसभर लोकांच्या तोंडात ड्रिल घालणारा माणूस हे म्हणतो. रविवारी सकाळी त्याच्या दवाखान्याची वेटिंग रूम आम्हाला वापरायला मिळते, म्हणून ऐकून घ्यायचं. गणिताचे मास्तर बेस गिटार वाजवतात. ते तर कानात कापूस घालून आले होते. मला दिसणार नाही असं त्यांना वाटलं असावं.

२२ मार्चला दातांच्या डॉक्टरांचं वार्षिक संमेलन आहे. चारशे डॉक्टर, मोठं सभागृह, खरंखुरं स्टेज. अकरा वर्षांत आम्हाला मिळालेला पहिला धड कार्यक्रम. आणि जाता जाता साडू म्हणाला की तोवर गिटारचं काहीतरी बघावं लागेल. गिटारचं. 'तुझं' म्हणायची हिंमत झाली नाही.

मी बँडमधून जाणार नाही. हा बँड मी काढलाय. नावसुद्धा मीच सुचवलं होतं, ते नंतर बदललं ही गोष्ट वेगळी.

दोष माझ्यात आहे का हे शांतपणे तपासून पाहिलं. नाही. दोष ट्यूबमध्ये आहे.

संकल्प: उद्यापासून रोज सकाळी सहा ते सात मेट्रोनोमच्या ठोक्यांवर सराव. एकही दिवस चुकवायचा नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

सराव झाला नाही. मेट्रोनोमचे सेल संपलेत.

ऑफिसात चार तास अभ्यास केला. शेजारच्या टेबलावरच्या बाई सारख्या विचारत होत्या की फाइल झाली का. काय महत्त्वाचं आणि काय नाही हे या लोकांना कधी कळणार!

समजलं ते असं. आपल्या ॲम्पमध्ये पुढे लहान ट्यूब असतात, मागे चार मोठ्या. लहान ट्यूब आवाज फाडतात, म्हणजे तो करकरीत हेवी मेटलचा आवाज तयार होतो. मोठ्या ट्यूब तो फाडलेला आवाज उचलून स्पीकरवर आपटतात. त्यांना पॉवर ट्यूब म्हणतात. आपल्या ॲम्पात आहेत ईएल-३४. त्या मधल्या पट्टीत गुरगुरतात. मला गुरगुरणं नकोय, मला आवाजाची भिंत हवीय. भिंतीसाठी सिक्स-एल-सिक्स. खाली दणदणीत बास, वर काचेसारखा ट्रेबल. गिटारवाल्यांच्या फोरमवर एकाने लिहिलंय की या ट्यूब घातल्या आणि महिन्याभरात शेजारी घर सोडून गेला. असा माणूस मला बँडमध्ये हवा होता.

म्हणजे अकरा वर्षं मी चुकीच्या ट्यूबवर वाजवत होतो आणि खापर माझ्यावर फुटत होतं. ऑर्डर टाकली.

५ फेब्रुवारी, बुधवार

सेल आणले. मुलीने टीव्हीच्या रिमोटमध्ये घातले. सराव नाही. या घरात कलेला किंमत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ११

पार्सल आलं. नेमकं बायकोने घेतलं. काय आहे विचारलं. बल्ब आहेत म्हणालो. खोटं नाही, काच आहे, आत तार आहे, पेटतात. बायको म्हणाली, बरं झालं, बाथरूमचा आठवडाभर गेलाय, त्यातला एक लाव. अर्धा तास समजावण्यात गेला. शेवटी खाली जाऊन बाथरूमसाठी वेगळा बल्ब आणला. या भानगडीत मूड गेला, म्हणून सराव नाही.

त्याच दिवशी. दुपारी ४.४०

दार लावून लिहितोय.

फोरमवर स्वच्छ लिहिलं होतं की ट्यूब बदलणं म्हणजे बल्ब बदलण्याइतकं सोपं. जुन्या काढल्या, नव्या बसवल्या. बायस नावाचं काहीतरी सेट करावं लागतं असंही कोणीतरी खाली लिहिलं होतं, पण खालच्या कॉमेंट मी वाचत नाही, तिथे सगळे नतद्रष्ट बसलेले असतात. स्विच टाकला. दीड मिनिट स्वर्ग. काय तो आवाज! मग चारपैकी दोन ट्यूबांच्या आतले पत्रे लाल व्हायला लागले. मला वाटलं जोमात आल्यात, म्हणून आणखी जोरात वाजवलं. मग जळक्या धुळीचा वास, मग फट्, मग अख्ख्या घरातली वीज गेली.

मुलीचा ऑनलाइन क्लास चालू होता. ती काय म्हणाली ते लिहीत नाही, रोजनिशीची भाषा सभ्य ठेवायची आहे. खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या आणि बायकोला म्हणाल्या, थांबलं का एकदाचं. इतक्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बायकोने त्यांना चहाला बसवलं. दोघी हसत होत्या.

निष्कर्ष: ट्यूबचा लॉट खराब आला.

९ फेब्रुवारी, रविवार

रिहर्सलला गेलो नाही. पाठ धरली असं कळवलं. संध्याकाळी साडूचा मेसेज: काळजी घे, आज फार छान झालं.

शेवटचे चार शब्द सात वेळा वाचले. हा माणूस माझ्या डोक्यात जातो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ॲम्प उचलून मेकॅनिककडे नेला. तीस किलो. आता खरोखरच पाठ धरली.

हा म्हातारा रेडिओच्या काळापासून हीच कामं करतो. ट्यूब म्हणत नाही, व्हॉल्व्ह म्हणतो, आणि मी ट्यूब म्हणालो की ऐकूच न आल्यासारखं करतो. जिन्याखालची खोली, त्यात अर्धी जागा मेलेल्या रेडिओंनी खाल्लेली. ॲम्प उघडून त्याने विचारलं, हे कोणी केलं. एका मित्राने केलं म्हणालो. त्यावर म्हणाला, मित्राला सांगा साहेब, प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये माणूस मारण्याइतकं व्होल्टेज बसून असतं, दर वेळी तो वाचेलच असं नाही. सांगतो म्हणालो.

मग त्याने शिकवणी घेतली. वेगळ्या प्रकारचे व्हॉल्व्ह घातले की त्यांना किती करंट द्यायचा ते मोजून ठरवावं लागतं, त्याला बायस म्हणतात, तुमच्या मित्राने तर त्यांना नळाखाली आ करून बसवलं. आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसला. गिऱ्हाइकाचा असा पाणउतारा करून हा माणूस आजवर धंद्यात टिकला कसा?

एवढ्यावर थांबला नाही. पुढची बटणं बघितली. गेन दहा, बास नऊ, मिडल शून्य, ट्रेबल नऊ, त्याच्याही वरचा प्रेझेन्स दहा, एकूण आवाजाचा मास्टर एक. विचारलं, मिडल शून्यावर कोणी नेलं, त्याच मित्राने का. मी म्हणालो, तो माझा साउंड आहे. तो म्हणाला, मास्टर एकवर असला तर मागचे मोठे व्हॉल्व्ह झोपलेलेच असतात, मग तिथे कुठलेही आणून बसवा, झोपलेल्यांत काय फरक कळणार? तुमची सगळी फाडाफाड पुढचे लहान व्हॉल्व्हच करतायत.

चाळीस वर्षांत या माणसाने एकदा तरी मेटल ऐकलं असेल का?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

ॲम्प आणला. फ्यूज बदलला, बायस लावला, चारही ट्यूब वाचल्या याचं मेकॅनिकला आश्चर्य वाटलं. मला नाही वाटलं.

पण आगाऊपणा बघा. माझ्या ॲम्पच्या पॅनेलवर, मला न विचारता, पांढऱ्या पेन्सिलीने खुणा करून दिल्या. गेन चार, मिडल सात, प्रेझेन्स तीन, मास्टर पाच. उद्या माझ्या मुलीचं नावसुद्धा बदलेल.

१५ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ८

सरावाला बसलो. पण आधी सेटिंग व्हायला हवं.

मी पूर्वग्रहाने वागणारा माणूस नाही, म्हणून पाच मिनिटं म्हाताऱ्याच्या खुणांवर वाजवून पाहिलं. शी. कोरडा, नागडा आवाज. आंघोळ करताना कोणीतरी दार उघडल्यासारखं झालं. लगेच मिडल शून्यावर, गेन दहावर. आली भिंत परत. जीव भांड्यात पडला.

बायकोचं नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन खुणा पुसल्या. त्याबरोबर छापलेले आकडेही पुसले गेले. एका अर्थी बरंच झालं, आता कुठे किती आहे हे फक्त मला माहीत. बायको नेलपॉलिश रिमूव्हर शोधतेय.

बोटांना वास येत असल्याने सराव केला नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १२.५०

आजचा दिवस लक्षात ठेवायचा आणि वेळ येताच उट्टं काढायचं.

मी नव्या ट्यूब घेऊन गेलो. घरी जी भिंत उभी राहते ती दवाखान्यात गेल्यावर कुठे जाते कोणास ठाऊक. मी ॲम्पला चिकटून उभा होतो तरी मला स्वतःलाच आवाज मऊ वाटत होता. म्हणून प्रेझेन्स उरलासुरला पिळून घेतला, ट्रेबलही दहावर. डॉक्टरचा चेहरा असा झाला की जणू कोणी त्याचीच दाढ काढतंय. मास्तर एक पाऊल मागे सरकले. जळफळाट, दुसरं काय!

आणि मग साडूने सांगितलं की आज एक जण सहज ऐकायला आलाय. हा त्याच्या ऑफिसातला माणूस, टकल्या, अंगात इस्त्रीचा शर्ट. सहज ऐकायला आलेल्या माणसाने सोबत गिटार का आणावी? त्याचा ॲम्प माझ्या मुलीच्या दप्तराएवढा. आत एकही ट्यूब नाही, ट्रान्झिस्टर! मी वाकून त्याची बटणं पाहिली. मिडल जवळजवळ पूर्ण. गेन निम्म्याच्या खाली. हा माणूस मेटल वाजवतो की आकाशवाणीवर बातम्या देतो?

त्याने दोन गाणी वाजवली. प्रत्येक सूर सुटासुटा ऐकू आला. साडू असा फुलला होता की जणू त्यानेच त्याला जन्म दिलाय. पण ते सोडा. मास्तरांनी कानातला कापूस काढला आणि खिशात ठेवला. ते मी पाहिलं. ते मला लागलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरने कालच्या रिहर्सलचं फोनवरचं रेकॉर्डिंग पाठवलं. खाली लिहिलंय, यात तू कुठे आहेस ते सांग.

ऐकलं. साडू आहे, मास्तर आहेत, ड्रम्स आहेत. मी वाजवतोय तिथे कोणीतरी टेबल सँडपेपरने घासतंय असा आवाज येतो. मुलीने हेडफोन काढून घेऊन ऐकलं आणि विचारलं की दवाखान्यात फर्निचरचं काम चाललंय का. शेवटची दोन गाणी टकल्याची आहेत. ती पुढे ढकलली.

फोरमवर विचारलं. फोनच्या माइकमध्ये खऱ्या ट्यूबचा आवाज मावत नाही असं एकाने सांगितलं. विषय संपला.

२० फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ६.४०

नवे सेल लपवून ठेवले होते, आज सराव केलाच. वीस मिनिटं. मेट्रोनोम बिघडलाय. गाण्यात मध्येच सगळे थांबतात त्या ब्रेकनंतर नेहमी मागे पडतो. पाचदा तपासलं, पाचही वेळा त्याच ठिकाणी मागे पडला. कंपनीला तक्रारीचं पत्र लिहिलं. उत्तर येईपर्यंत सराव स्थगित.

२३ फेब्रुवारी, रविवार. दुपारी २

साडू आज रिहर्सलनंतर मला जिन्यात घेऊन गेला. म्हणाला, स्पष्ट बोलतो. संमेलनात चारशे लोकांपुढे उभं राहायचंय. ९ मार्चच्या रिहर्सलला सगळे मिळून ठरवतील की स्टेजवर तू की तो. तुझा आवाज सुधारला तर तूच, शब्द देतो, घरचा माणूस आहेस.

घरचा माणूस! घरच्या माणसाला असं जिन्यात उभं करतात? मी म्हणालो, बँड मी काढलाय. तो म्हणाला, म्हणून तर अकरा वर्षं कोणी काही बोललं नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं. वाटलं, आता तरी ही माझ्या बाजूने बहिणीला फोन करेल. ती म्हणाली, तुला तो बँड इतका हवाय का? हवाय. आठवडाभर त्या टेबलावर बसून लोकांच्या फाइली पुढे ढकलतो, मला कोणी नावाने ओळखत नाही. रविवारी दोन तास मी गिटारवाला असतो. एवढंच आहे माझ्याकडे. हे तिला बोललो नाही, इथे लिहितोय.

संकल्प: टकल्याला धूळ चारायची. त्यासाठी केटी-८८. सगळ्यात दांडगी पॉवर ट्यूब. कितीही लादलं तरी वाकत नाही म्हणतात.

२६ फेब्रुवारी, बुधवार

यापुढे बायस स्वतः लावायचा नाही असा कानाला खडा लावलाय, म्हणून परत मेकॅनिककडे. केटी-८८ घालून द्या म्हणालो. तो नाही म्हणाला. गिऱ्हाइकाला, तोंडावर. मी आवाज चढवला. त्याने एक बुटकं स्टूल ओढलं, ॲम्पपासून सहा फुटांवर ठेवलं आणि म्हणाला, बसा. मी म्हणालो, मी उभा राहूनच वाजवतो. तो म्हणाला, तुम्ही वाजवू नका, ऐका.

स्टूल इतकं बुटकं की माझे कान बरोबर स्पीकरसमोर आले. मग त्याने माझी गिटार घेतली आणि माझ्याच सेटिंगवर एक कॉर्ड वाजवला.

दोन्ही हातांनी कान झाकले. आपोआप. लोखंडी पत्रा करवतीने कापतात तसा आवाज, आणि सूर कुठला ते शेवटपर्यंत कळेना. विचारलं, ॲम्पला काय झालं. तो म्हणाला, काही नाही, समोरच्यांना रोज असंच ऐकू येतं. स्पीकरचा तिखट आवाज टॉर्चसारखा सरळ पुढे जातो. तुम्ही ॲम्पला चिकटून उभे, कान वर, आवाज पायांमधून निघून जातो. तुम्हाला मऊ वाटतं म्हणून तुम्ही ट्रेबल वाढवता. तो ट्रेबल एवढी वर्षं तुमच्या पोटऱ्या ऐकतायत आणि समोरचे भोगतायत.

मग मिडल. तो म्हणाला, खालचा आवाज बेसवाल्याचा, वरचा झांजांचा, गिटार राहते मध्ये. तुम्ही मधलंच काढून टाकलं. घरी एकटे असता तेव्हा ते भव्य वाटतं, चौघांत गेलं की बेसवाला खाली झाकतो, झांजा वर झाकतात, तुमचं उरतं काय? गेन इतका लावलाय की हळू मारा नाहीतर जोरात, सगळं एकाच मापाचं. असं म्हणत त्याने एकेक बटण फिरवलं आणि शेवटी मास्टर निम्म्यावर आणला. मागचे मोठे व्हॉल्व्ह जागे झाले. पुन्हा तोच कॉर्ड. छातीवर कोणीतरी हात ठेवून हलकेच ढकललं असं वाटलं. अंगावर काटा आला. हे कबूल करावं लागेल.

तरी त्याला धन्यवाद दिले नाहीत. बोलायची पद्धत चांगली नाही त्याची. शिवाय मला या सगळ्याचा थोडा अंदाज होताच.

२ मार्च, रविवार

डॉक्टर गावाला गेल्यामुळे रिहर्सल नाही.

मी लावलेला शोध फोरमवर टाकला: हाय-गेनमध्ये मिडलचं महत्त्व, मास्टर आणि पॉवर ट्यूबचं नातं, ॲम्पची उंची. लोक वाहवा करतायत. शेजाऱ्याला पळवणाऱ्याने विचारलं, मिडल सात म्हणजे फार होत नाही का. त्याला लिहिलं, तुम्ही अजून घरात एकटे वाजवता वाटतं.

९ तारखेचा बेत ठरला. ॲम्प दोन खुर्च्यांवर, कानाच्या उंचीला. पहिल्याच कॉर्डला साडूचं तोंड बंद. टकल्याला मी स्वतः दारापर्यंत सोडायला जाणार, शर्टाची इस्त्री छान आहे असंही सांगणार. डॉक्टरला माफ करणार. साडूला करणार नाही.

सराव या आठवड्यात मुद्दाम ठेवलेला नाही. आवाजच बरोबर झाल्यावर बोटं कशाला दमवायची?

९ मार्च, रविवार. दुपारी ३.३०

बेत ठरल्याप्रमाणे सुरू झाला. ॲम्प वेटिंग रूमच्या दोन खुर्च्यांवर. गेन चार. मिडल सात. मास्टर पाच. पहिला कॉर्ड वाजवला आणि सगळ्यांच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. मास्तरांनी कापूस काढला. माझ्यासाठी काढला. डॉक्टरने काठ्या खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. साडू म्हणाला, अरे, हा आवाज इतकी वर्षं कुठे लपवून ठेवला होतास? खोटं नाही सांगत, डोळ्यांत पाणी आलं.

पहिलं गाणं संथ आहे. ते झालं.

दुसऱ्यात पहिल्या कडव्याला डॉक्टर थांबला. म्हणाला, माझंच काहीतरी चुकलं असेल. परत सुरू केलं. परत त्याच ठिकाणी थांबला. मग मास्तर माझ्याजवळ आले, माझ्या डाव्या हाताकडे बराच वेळ पाहिलं आणि फार नम्रपणे विचारलं, तुम्ही इथे नेहमी हाच कॉर्ड धरता का. मी म्हणालो, पहिल्यापासून. ते म्हणाले, इथे दुसरा आहे. पहिल्यापासून म्हणजे अकरा वर्षं, ते गणित मास्तरांना मनातल्या मनात करता आलं असणार.

तिसऱ्या गाण्यात ब्रेकनंतर मी पुढे पळालो. मी नाही म्हणालो. डॉक्टरने फोनवर ठोके लावले. परत वाजवलं. मीच पळत होतो. चौथ्या गाण्यातला माझा सोलो कोणी थांबवला नाही. थांबवला असता तर बरं झालं असतं. तो पूर्ण झाला तेव्हा सगळे खाली बघत होते. एकेक सूर स्वच्छ ऐकू येत होता. मलाही.

मग साडू जवळ आला आणि हळू आवाजात बोलायला लागला. हा माणूस माझ्याशी कधी हळू बोललेला नाही, म्हणून मला भीती वाटली. म्हणाला, आवाज उत्तम झालाय, मनापासून सांगतो. फक्त एक कर. आधीसारखं लाव. मी विचारलं, आधीसारखं म्हणजे कसं. तो म्हणाला, ते घोंगावायचं तसं. डॉक्टर म्हणाला, दोन गिटार असल्या की स्टेज भरलेलं दिसतं, मुख्य वाजवायला तो आहेच, तू मागे राहा, घोंगावलास तरी कोणाचं काही अडत नाही. जरा हळू ठेव, म्हणजे दातांना लागणार नाही. मास्तर बेसच्या पट्ट्याशी काहीतरी करत होते. टकल्या बाहेर बाकावर गिटार लावत बसला होता. त्याला दारापर्यंत सोडायचं राहिलं.

खूप लागलं. साडूला शिव्या घालाव्यात असं वाटलं, पण एकही सुचली नाही, कारण तो या वेळी वाईट वागलाच नव्हता. ॲम्प उचलून निघून जावं असंही वाटलं. मग २२ तारखेला मी कुठे असणार, आणि त्यानंतरच्या रविवारी, हे डोळ्यांपुढे आलं. वाकलो. गेन शेवटपर्यंत फिरवला, मिडल शून्यावर नेला. ॲम्प खुर्चीवरून उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवायला डॉक्टरने मदत केली. टकल्या आत आला. पाचही गाणी एकदाही न थांबता झाली. डॉक्टर म्हणाला, आता छान वाटतंय.

घरी आल्यावर बायकोने वाढता वाढता विचारलं, काय ठरलं. स्टेजवर आहे म्हणालो. तिला खरंच आनंद झाला. म्हणाली, म्हणजे आता त्यांना तुझं नीट ऐकू येतं ना.

नाही म्हणालो, आता सगळं व्यवस्थित आहे.